वैद्यकीय अधिकाऱ्याचा एक दिवस: सुप्याच्या बाजारापासून केसपेपरच्या रांगेपर्यंत

१/ सुपे हे नाव इतिहासाच्या वाचकाला दोन कारणांनी ठाऊक असते. पहिले कारण शहाजीराजांची पुणे-सुपे जहागीर. दुसरे कारण १२ मे १८७५ हा दिवस. त्या दिवशी सुप्याच्या बाजारात जमलेल्या शेतकऱ्यांनी सावकारांची दुकाने व घरे फोडली, कर्जरोखे बाहेर काढले आणि जाळले. ‘दख्खनचे दंगे’ म्हणून प्रसिद्ध झालेल्या उठावाची ती सुरुवात होती. आजचा थ्रेड मात्र त्या दंग्यांवर नाही. सुप्यासारख्या गावांच्या पंचक्रोशीत सरकारी दवाखान्यात बसणाऱ्या डॉक्टरांच्या कामाच्या दिवसावर तो आहे. दंग्यांकडे शेवटी परत येऊ. त्यांचा एक धडा येथे उपयोगी पडतो.

२/ प्रश्न साधा आहे. प्राथमिक आरोग्य केंद्राचे वैद्यकीय अधिकारी दिवसभर नेमके काय करतात, आणि ती कामे त्यांच्या टेबलावर कोणी व केव्हा आणून ठेवली? या दिवसाला सुमारे दीडशे वर्षांचा इतिहास आहे. प्रत्येक काळातील शासनाने आपल्या गरजेनुसार एकेक काम त्यात घातले. बहुतेक कामे आवश्यकच होती. पण नवे काम आले म्हणून जुने काम सहसा कमी झाले नाही. हा थ्रेड वाचून झाल्यावर एवढी एक गोष्ट लक्षात राहिली तरी पुरे.

३/ आधी आजचा नियम पाहू. भारतीय सार्वजनिक आरोग्य मानकांनुसार केंद्राची बाह्यरुग्ण सेवा आठवड्यातील सहा दिवस, रोज सहा तास चालावी: सकाळी चार तास, दुपारनंतर दोन तास. एका डॉक्टरमागे रोज किमान ४० रुग्ण अपेक्षित आहेत. सहा तास म्हणजे ३६० मिनिटे, म्हणजे एका रुग्णाला ९ मिनिटे. शंभर रुग्ण आले तर साडेतीन मिनिटे. हे गणितही डॉक्टर सहाही तास खुर्चीवर बसून राहिले तरच जमते. ते का बसू शकत नाहीत, हे समजण्यासाठी मागे जावे लागेल.

४/ पहिला थर: दवाखाना. मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ मध्ये सुरू झाले. तेथून बाहेर पडणारे पदवीधर प्रामुख्याने शहरांत आणि सरकारी सेवेत राहिले. ग्रामीण भागाच्या वाट्याला आले ते ‘हॉस्पिटल असिस्टंट’ म्हणवले जाणारे, कमी पगाराचे आणि कमी मानाचे डॉक्टर. १८८४ च्या कायद्याने मुंबई इलाख्यात लोकल बोर्डे आली आणि गावोगावच्या दवाखान्यांचा भार हळूहळू त्यांच्याकडे गेला. टेबलामागे डॉक्टर, आतल्या खोलीत मिक्श्चर बनवणारा कंपाउंडर, आणि दाराशी घरून रिकामी बाटली घेऊन आलेले रुग्ण. सकाळच्या ओपीडीचा साचा तेव्हाच ठरला. बाटली गेली, केसपेपर आला, रांग तशीच राहिली.

५/ दुसरा थर: कायदा. १८७२ चा पुरावा कायदा आणि १८९८ ची फौजदारी प्रक्रिया संहिता यांच्या चौकटीत सरकारी डॉक्टर हा न्यायव्यवस्थेचा साक्षीदारही झाला. मारामारीतील जखमांचे प्रमाणपत्र, मद्यपानाची तपासणी, विहिरीत सापडलेल्या मृतदेहाचे शवविच्छेदन, ही सारी कामे त्यातून आली. आजही रांग ऐन भरात असताना पोलीस शिपाई यादी घेऊन उभा राहतो. ते काम उद्यावर ढकलता येत नाही. पुढे कधीतरी त्याच प्रकरणात साक्षीचे समन्स येते आणि तो संपूर्ण दिवस न्यायालयात जातो. रांगेतल्या माणसाला एवढेच दिसते की डॉक्टर जागेवर नाहीत.

६/ तिसरा थर: साथ. देवीची लस भारतात प्रथम टोचली गेली ती मुंबईत, १४ जून १८०२ रोजी, अ‍ॅना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला. शतकाच्या शेवटी, १८९६ मध्ये, मुंबईत प्लेग आला आणि लवकरच पुण्यात पोहोचला. प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांचा १० मार्च १८९७ रोजी मृत्यू झाला. त्यांचे पुत्र डॉ. यशवंत यांचा दवाखाना तेव्हा हडपसरजवळ चालू होता. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाने भारतात एक कोटीहून अधिक बळी घेतले. रुग्णाची वाट पाहत बसणारा दवाखाना साथीपुढे अपुरा पडतो, हे या तडाख्यांनी दाखवले. डॉक्टरांनी उठून गावात जायला हवे, ही अपेक्षा येथून बळावली.

७/ मात्र ‘टेबलावर बसा’ आणि ‘गावात जा’ या दोन आज्ञा एकाच माणसाला एकाच वेळी कशा पाळता येतील? या प्रश्नाचे सर्वांत नीटस उत्तर सर जोसेफ भोर यांच्या समितीने दिले. समितीची नियुक्ती १९४३ मधली, अहवाल १९४६ मधला. तेव्हा देशात सुमारे ६,३०० लोकांमागे एक डॉक्टर होता आणि त्यांतील बहुतेक शहरांत होते. समितीने सुचवले की पहिल्या टप्प्यात ४०,००० लोकसंख्येमागे एक प्राथमिक केंद्र असावे आणि तेथे दोन डॉक्टर असावेत. सोबत परिचारिका, सुईणी, स्वच्छता निरीक्षक आणि औषधनिर्माता.

८/ दोन डॉक्टर, हा आकडा लक्षात ठेवा. उपचार आणि प्रतिबंध यांची फारकत करू नये, हा भोर समितीचा गाभ्याचा विचार होता. पण तो प्रत्यक्षात यायचा तर एकाने बाहेर पडावे आणि दुसऱ्याने रांग सांभाळावी, एवढी तरी सोय हवी. दीर्घकालीन योजना याहून मोठी होती: १०,००० ते २०,००० लोकांमागे ७५ खाटांचे रुग्णालय. स्वतंत्र भारताने भोर समितीचा विचार स्वीकारला. त्यासाठी लागणारी माणसे आणि पैसा मात्र तेवढ्या प्रमाणात दिला नाही.

९/ २ ऑक्टोबर १९५२ रोजी सामुदायिक विकास कार्यक्रम सुरू झाला आणि विकास गटागणिक एक प्राथमिक आरोग्य केंद्र उभे राहू लागले. एका गटात साधारण शंभर गावे आणि ६०,००० हून अधिक लोक. म्हणजे कामाची यादी भोर समितीची, पण कार्यक्षेत्र तिच्या आकड्याच्या दीडपट किंवा त्याहूनही मोठे. १९६२ मध्ये मुदलियार समितीने या केंद्रांची दुरवस्था नोंदवली. नवी केंद्रे काढण्याआधी आहेत ती बळकट करा आणि लोकसंख्या ४०,००० च्या आत ठेवा, असे तिने सांगितले. सोळा वर्षांनी आपण पुन्हा त्याच आकड्यापाशी आलो होतो.

१०/ त्याच वर्षी, १ मे १९६२ रोजी, महाराष्ट्रात जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि प्राथमिक आरोग्य केंद्रे त्यांच्याकडे गेली. लोकशाहीच्या दृष्टीने हे मोठे पाऊल होते. गावकऱ्याला दवाखान्याबद्दल आपल्या सदस्याकडे जाब विचारता येऊ लागला. डॉक्टरांच्या दिवसात मात्र नवे रकाने आले: तालुक्याची मासिक सभा, जिल्ह्याची आढावा बैठक, पंचायत समितीपुढचे उत्तर, कर्मचाऱ्यांची बिले, फिरती आणि रजा. वैद्यकशास्त्र शिकून आलेला तरुण एका छोट्या कार्यालयाचा प्रमुखही झाला. हे काम त्याला कोणी शिकवले नव्हते.

११/ चौथा थर: राष्ट्रीय कार्यक्रम. हिवताप नियंत्रणाची मोहीम १९५३ ची, निर्मूलनाची १९५८ ची. मोहिमेच्या काळात तिची माणसे स्वतंत्र होती. मोहीम ओसरू लागल्यावर पाळत ठेवण्याचे काम प्राथमिक केंद्रांकडे द्यावे, असे चढ्ढा समितीने १९६३ मध्ये सुचवले. पुढे हा प्रघातच पडला. मोहीम मोठ्या गाजावाजाने सुरू होते, संपताना तिचे उरलेले काम केंद्राच्या टेबलावर येऊन बसते. तापाच्या रुग्णाचे रक्त काचपट्टीवर घ्या, पाठवा, निकाल नोंदवा, अहवाल द्या.

१२/ या थरातील सर्वांत अवघड प्रकरण कुटुंबनियोजनाचे. उद्दिष्टांचे आकडे वरून येत आणि डॉक्टरांची योग्यता त्यांवरून मोजली जाई. आणीबाणीत हा दबाव टोकाला गेला. १९७६ मध्ये महाराष्ट्राच्या विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचे विधेयक मंजूर केले, राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते कायदा झाले नाही. पण ज्या आरोग्यसेवकाला गाव विश्वासाने दार उघडत असे, त्याच्याकडे संशयाने पाहिले जाऊ लागले. उद्दिष्टे अधिकृतपणे मागे घेतली गेली ती १९९६ मध्ये. गमावलेला विश्वास परत मिळवण्याचे कामही त्याच डॉक्टर-परिचारिकांवर आले. त्याची नोंद कोणत्याही रजिस्टरात नाही.

१३/ आता आकड्यांची वाटचाल एकत्र पाहू. १९४६: ४०,००० लोक, दोन डॉक्टर. १९५२: एका गटाला एक केंद्र. १९७३, कर्तारसिंग समिती: ५०,००० लोकांमागे एक केंद्र. १९८३ च्या धोरणानंतर: सपाट प्रदेशात ३०,०००, डोंगरी व आदिवासी भागात २०,०००. म्हणजे कागदावर लोकसंख्या कमी होत गेली. ही खरी प्रगती आहे आणि ती मान्य केली पाहिजे. बारामती तालुक्यात मोरगाव, लोणी भापकर, शिर्सुफळ अशा गावांत केंद्रे झाली. सुप्यात ग्रामीण रुग्णालय आहे, बारामतीत मोठी सरकारी रुग्णालये आहेत आणि २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे.

१४/ मग भार का कमी झाला नाही? कारण माणसे कमी झाली तरी माणशी कामे वाढली. १९८५ मध्ये सार्वत्रिक लसीकरण, १९९५ मध्ये पल्स पोलिओ, २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान. यांतून जीव वाचले, हे निर्विवाद. पण लसीकरणाचा दिवस म्हणजे पहाटेपासून शीतसाखळीची काळजी, उपकेंद्रांना लस पोहोचवणे आणि एखाद्या बाळाला ताप भरला तर आईला धीर देणे. पोलिओचा रविवार आला की ती सुट्टी गेली. जानेवारी २०२१ मध्ये कोविड लसीकरण सुरू झाले, तेव्हा याच जुन्या शीतसाखळीवर आणि याच माणसांवर देश विसंबला.

१५/ पाचवा थर: रात्र. २००५ च्या जननी सुरक्षा योजनेनंतर संस्थेतील बाळंतपणे झपाट्याने वाढली. घरी होणारी, कधी जिवावर बेतणारी प्रसूती केंद्रात आली, हे या काळाचे मोठे यश. पण बाळंतपण वेळ पाहून येत नाही. रात्री तीनला प्रसूती उरकणारे डॉक्टर सकाळी नऊला ओपीडीत तेच असतात. पाळी बदलायला दुसरा माणूस नसेल तर ‘चोवीस तास सेवा’ या पाटीमागे प्रत्यक्षात एकाच माणसाची झोप उभी असते.

१६/ रात्रीचे दुसरे पाहुणे म्हणजे दंश. येथे महाराष्ट्राने जगाला दिलेले एक उदाहरण सांगायलाच हवे. आजच्या रायगड जिल्ह्यातील महाड भागात डॉ. हिम्मतराव बावस्कर प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. लाल विंचवाच्या दंशाने कोकणात माणसे, विशेषतः मुले, मरत. बावस्कर रुग्णांच्या खाटेशी बसून राहिले. नाडी, रक्तदाब, घाम, फुफ्फुसात पाणी होण्याची चिन्हे, सारे तासातासाला लिहीत गेले. त्यांची निरीक्षणे १९८२ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये आली. १९८६ मध्ये प्राझोसिन या साध्या, स्वस्त औषधाचा अनुभवही तेथेच प्रसिद्ध झाला. या उपचाराने सुमारे ४० टक्क्यांवर असलेला मृत्युदर १ टक्क्याच्या आसपास आला.

१७/ ही कथा आपण एका असामान्य माणसाची म्हणून सांगतो, आणि ती तशी आहेच. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पण इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला त्यात दुसरे काही दिसते. हा शोध यंत्राने लागलेला नाही. तो रुग्णाजवळ घालवलेल्या वेळाने लागला. ज्या टेबलावर वेळच उरत नाही, तेथे असे किती शोध लागायचे राहिले असतील? आपल्याकडे न घडलेल्या गोष्टींची दप्तरे नसतात, म्हणून हा तोटा आपल्याला मोजता येत नाही.

१८/ भार वाटून घेण्याचा मार्गही याच मातीत सापडला होता. १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी जामखेडला काम सुरू केले. गावातल्याच, अनेकदा निरक्षर स्त्रियांना त्यांनी आरोग्यसेविका म्हणून घडवले. पुणे जिल्ह्यातच शिरूर तालुक्यातील वढू येथे केईएम रुग्णालयाच्या डॉ. बानू कोयाजी यांनी याच दशकात ग्रामीण आरोग्याचा प्रयोग उभारला. १९७८ च्या अल्मा-आटा परिषदेत प्राथमिक आरोग्यसेवेची जागतिक घोषणा झाली, तेव्हा त्यामागे अशाच गावपातळीच्या अनुभवांचे बळ होते. आजच्या आशाताई या परंपरेतल्या. जे काम डॉक्टरनेच करणे गरजेचे नाही, ते विश्वासाने इतरांना द्यावे, हा त्या प्रयोगांचा धडा.

१९/ तो धडा आपण अर्धाच घेतला. गावात माणसे आली, पण त्यांचे अहवाल पुन्हा त्याच टेबलावर जमा होऊ लागले. रजिस्टरांच्या जोडीला पोर्टले आली. एकाच गर्भवतीची नोंद वहीत, तक्त्यात आणि संगणकावर. नोंदी अनावश्यक आहेत असे नव्हे. इतिहासाच्या विद्यार्थ्याने तर तसे मुळीच म्हणू नये. पण नोंद ठेवायला स्वतंत्र माणूस नसेल, तर ती ठेवण्याचा वेळ रुग्णाच्या वेळातूनच कापला जातो.

२०/ आणि टेबलामागे बसते कोण? कोणी बंधपत्राची सेवा करणारे नवे एम.बी.बी.एस. डॉक्टर, पुढच्या परीक्षेचा अभ्यास रात्री करणारे. कोणी बी.ए.एम.एस. होऊन शासकीय सेवेत वर्षानुवर्षे ग्रामीण भार वाहणारे. कोणी कंत्राटी. शिकवणारी महाविद्यालये मोठ्या रुग्णालयांच्या खाटांभोवती शिकवतात. माळावरच्या केंद्रात एकट्याने निर्णय कसा घ्यावा, हे शिक्षण नोकरीच्या पहिल्या रात्री सुरू होते. आज हाताशी १०८ ची रुग्णवाहिका आहे, हा दिलासा. पण चिठ्ठी लिहून पुढे पाठवावे की येथेच थांबवावे, हा निर्णय शेवटी त्यांचाच.

२१/ या सगळ्यांतून रुग्णाला काय उरते? २०१७ मध्ये ‘बीएमजे ओपन’मध्ये ६७ देशांतील तपासणीच्या वेळांचा आढावा प्रसिद्ध झाला. स्वीडनमध्ये सरासरी साडेबावीस मिनिटे, बांगलादेशात ४८ सेकंद, भारतात जेमतेम दोन मिनिटे. जगातील निम्म्या लोकसंख्येला पाच मिनिटे किंवा त्याहून कमी वेळ मिळतो. म्हणजे प्रश्न सुप्याचा नाही, केवळ भारताचाही नाही. पण दोन मिनिटांत काय राहून जाते, ते प्रत्येक गावाचे वेगळे असते.

२२/ दोन मिनिटांत ताप पाहता येतो, गोळ्या लिहिता येतात. पण सासूसोबत आलेली सून आपले खरे दुखणे सांगत नाही. तीन आठवड्यांचा खोकला ‘सर्दी’ म्हणून निघून जातो. सर्वांत मोठा बदल आजारांतच झाला आहे. या केंद्रांची आखणी साथीचे रोग आणि बाळंतपणे डोळ्यांपुढे ठेवून झाली. आज रांगेत रक्तदाब आणि साखरेचे रुग्ण आहेत. त्यांना एक इंजेक्शन पुरत नाही. त्यांना ओळखणारा, मागच्या वेळचे आठवणारा आणि आहाराबद्दल सावकाश बोलणारा डॉक्टर हवा असतो. त्यासाठी लागणारे औषध म्हणजे वेळ.

२३/ येथे एक आक्षेप रास्त आहे. काही डॉक्टर मुख्यालयी राहत नाहीत, काही खासगी व्यवसायाकडे अधिक लक्ष देतात, काहींची भाषा रुग्णाला दुखावते. हे खरे आहे, आणि ताटकळत बसलेल्या माणसाचा रागही खरा आहे. भार जास्त आहे म्हणून बेपर्वाई क्षम्य ठरत नाही. पण दोष फक्त व्यक्तीत असता तर व्यक्ती बदलल्यावर तो गेला असता. डॉक्टर बदलत राहिले, रांग तशीच राहिली. डॉक्टरांवरील हल्ले रोखण्यासाठी महाराष्ट्राला २०१० मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला, यावरून राग कोणत्या दिशेला जातो ते कळते.

२४/ आता पुन्हा १२ मे १८७५. सुप्याच्या शेतकऱ्यासमोर सावकार दिसत होता, म्हणून राग त्याच्या दारावर गेला. पण त्या कर्जामागे कापसाची तेजी संपल्यावर पडलेले भाव होते, वाढवलेला शेतसारा होता आणि रोख्यावरचा अंगठा पाहून निकाल देणारी दिवाणी न्यायालये होती. ती बाजारात दिसत नव्हती. सावकार आणि डॉक्टर यांची ही तुलना नव्हे. एक कर्जाच्या विळख्यात ओढत होता, दुसरा बरे करायला बसला आहे. तुलना आहे ती रागाच्या दिशेची. जो समोर असतो, तो व्यवस्थेचा चेहरा होतो. चेहऱ्यामागचे हिशेब उघडे करणे हे इतिहासाचे काम.

२५/ तो हिशेब असा: १९४६ मध्ये दोन डॉक्टर मागितले होते, आणि तेव्हा आजच्या निम्मीही कामे नव्हती. पुढच्या वेळी ग्रामसभेत दवाखान्याचा विषय निघाला तर ‘डॉक्टर कुठे असतात?’ हा प्रश्न जरूर विचारा. सोबत आणखी तीन विचारा: येथे मंजूर पदे किती, भरलेली किती आणि नोंदी ठेवायला वेगळा माणूस आहे का? आणि एक विनंती. घरात जुने केसपेपर, लसीकरणाची कार्डे, आजीच्या बाळंतपणाच्या आठवणी असतील, गावात निवृत्त परिचारिका किंवा कंपाउंडर असतील, तर त्या लिहून ठेवा. राजांच्या जहागिरीची कागदपत्रे शोधणारे पुष्कळ आहेत. दवाखान्याच्या रांगेचा इतिहास अजून घराघरांतच पडून आहे.